ओठाला न लागणारी चिलीम

आमच्या घरात दाताच्या डॉक्टरकडे कुणी एकटं जात नाही. नुसती दाढ दाखवायची असली तरी आम्ही वरात काढतो. दादाच्या वेळी हैदराबादेत अंबरपेठेतून विद्यानगरला जायला दोन ऑटो लागले. पहिल्यात नवरदेव, म्हणजे माझा थोरला भाऊ, सुजलेल्या गालावर पंच्याचा बोळा धरून. शेजारी वहिनी, मांडीवर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन. आणि कडेला मी. दुसऱ्यात आमचे हे आणि वहिनीच्या मावशी. मावशींना खरं तर वाटेत एका नातेवाइकाकडे उतरायचं होतं. पण दाढ उपटताना बघायला मिळेल अशी आशा लागल्यावर त्या उतरतात कशाला.

शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे मध्ये कुठे हसू आलं तर नंतर मला बोल लावू नका. रडून सांगायचा हक्क वहिनीचा आहे, आणि ती तर हे कुणाला सांगतच नाही.

प्रश्न दाढेचा नव्हताच. दाढ सडली होती, ती जाणार हे गल्लीतल्या औषधवाल्यालाही दिसत होतं. प्रश्न होता वरच्या बाजूच्या पुढच्या चार दातांचा. ते हलायला लागले होते. आणि माझा भाऊ क्लॅरिनेट वाजवतो.

क्लॅरिनेट जवळून न बघितलेल्यांसाठी सांगते. बासरीला ओठ पुरतात. क्लॅरिनेटचं टोक मात्र तोंडात घ्यावं लागतं. खालचा ओठ खालच्या दातांवर गादीसारखा दुमडायचा, आणि वरचे पुढचे दात त्या टोकावर थेट टेकवायचे. सगळा तोल त्या वरच्या दातांवर. ते घट्ट असले तर सूर घट्ट. वीज खात्यातली नोकरी ही दादाच्या पोटाची सोय होती. पण आमच्या भागात त्याचं घर कुठे असं विचारलंत, तर लोक ‘क्लॅरिनेटवाले ना?’ असंच विचारतील. तरुणपणी सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत एका लग्नाच्या बँडवाल्याकडे तो शिकला. पुढे भजनी मंडळात गेला आणि तिथेच राहिला. भजनात क्लॅरिनेट हा काही आपल्याकडचा रिवाज नाही. पण हैदराबादच्या मराठी माणसाला रिवाज मोडायला कुणाची परवानगी लागत नाही. गाणाऱ्यांचे आवाज बसत, पेटीचा भाता दमत असे, आणि दादाचा सूर मात्र देवळाच्या छपराखाली ताठ उभा असायचा. निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतर काय करणार असं कुणी विचारलं, की तो काखेतल्या क्लॅरिनेटच्या लांबट पेटीवर टिचकी मारायचा. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या चार दातांवर टेकवून ठेवलं होतं.

आता सोमवार. सोमवार समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात भजन. आरती झाली की बायका-मुलं घरी जातात आणि मंडळातले चारपाच ज्येष्ठ मागच्या पत्र्याच्या छपराखाली गोल बसतात. मग चिलीम निघते. त्यात गांजा असतो, पण तो शब्द तिथे कुणी उच्चारत नाही. तो प्रसाद. आमचे आजे-पणजे बिदरकडून शेती सोडून शहरात आले, तेव्हा भांडीकुंडी मागे राहिली, हा प्रसाद मात्र बरोबर आला. मंडळाचा नियम कडक आहे. दारू प्यायलेल्या माणसाला पायरी चढू देत नाहीत. एकदा एका टाळकऱ्याच्या तोंडाला वास आला म्हणून त्याला सगळ्यांनी मिळून काढून टाकलं. काढून टाकणाऱ्यांचे डोळे जास्वंदीसारखे लाल होते.

चिलीम ओढायचीही शिस्त आहे. खालच्या टोकाला ओला फडका गुंडाळायचा. दोन्ही हातांच्या मुठी एकात एक धरून त्यात ती उभी बसवायची, आणि अंगठ्याजवळ राहते त्या फटीला तोंड लावून दम ओढायचा. ओठ लागतात ते स्वतःच्या हाताला. चिलीम कुणाच्याच ओठाला लागत नाही, म्हणून ती उष्टी होत नाही, म्हणून ती देवाची. ह्या नियमातून माझ्या भावाने आपलं वैद्यकशास्त्र काढलं होतं. सिगरेट ओठांत धरतात, म्हणून ती दात खाते. गुटखा गालात ठेवतात, म्हणून तो गाल खातो. जी वस्तू ओठालाच लागत नाही, ती दाताला काय करणार?

घरात ह्यावर कधीच बोलणं व्हायचं नाही. थोरल्याचं असलं काही धाकट्यांनी बघायचं नसतं, आणि बघितलं तर बोलायचं नसतं. वहिनी म्हणायची, ‘सोमवारी ह्यांना भूक फार लागते.’ बस, एवढंच. त्या भुकेसाठी ती कोपऱ्यावरून जिलेबी आणून ठेवायची, नाहीतर दुधात पोळी कुस्करून वर मूठभर साखर. दादा यायचा, डोळे मिटून ताट चाटूनपुसून खायचा आणि चूळ न भरताच आडवा व्हायचा. झोपलेल्याला कशाला उठवायचं, म्हणून वहिनी दिवा घालवायची. बाकीच्या दिवशी त्याच्या तोंडाला कोरड पडायची. हैदराबादची हवाच कोरडी, असं तो भर पावसातही म्हणायचा, आणि दिवसभर खडीसाखरेचा खडा गालात धरून बसायचा. कोरडं तोंड, त्यात साखर, त्यात धूर. दातांना मारायचं ठरवून कट केला असता तरी इतका बेमालूम जमला नसता, आणि ह्या कटात सगळं प्रेमच होतं.

तर विद्यानगरचा दवाखाना. डॉक्टर म्हणजे एक तरुण तेलुगू मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट, केसांचा वर बांधलेला अंबाडा, आणि बोलणं सगळं पेशंटांकडून उचललेलं हैदराबादी हिंदी. आम्ही पाचही जण तिच्या केबिनमध्ये घुसलो. तिने दादाला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला आणि एकेक दात टोकरून बघितला. मग बीपी, शुगर, चालू गोळ्या, सगळं विचारलं. आणि मग म्हणाली, “अंकल, कुछ आदत है क्या? सिगरेट, गुटखा, तंबाकू? और कुछ?”

आमच्याकडे पेशंट उत्तर देत नाही. घरची बाई देते. वहिनी पदर सावरून पुढे झाली.

“नहीं डॉक्टरम्मा. सुपारी भी नहीं खाते.”

ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. सिगरेट नाही, गुटखा नाही, सुपारीही नाही. ‘और कुछ’ हे दोन शब्द मात्र केबिनमध्ये तसेच लोंबकळत राहिले. आमचे हे पंख्याकडे बघू लागले. मावशींनी स्वतःहून साक्ष दिली की असा देवमाणूस अंबरपेठेत दुसरा दाखवा. आणि देवमाणूस खुर्चीत डोळे मिटून पडला होता, तोंडात आरसा, चेहरा समाधी लागल्यासारखा. प्रसादाची गणना नशेत करायची असते हे कुणाच्या मनातही आलं नसेल. आलं असलं तरी ते वहिनीसमोर, घरच्या थोरल्या माणसाबद्दल, परक्या मुलीला कोण सांगणार?

डॉक्टरने सगळ्यांना बाहेर काढलं. एकाला आत थांबता येईल म्हणाली. वहिनीला रक्त बघवत नाही आणि मावशींना फारच बघवतं, म्हणून मी थांबले.

भुलीचं इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला का, तिने विचारलं. नाही झाला. दुसरं दिलं. हत्याराने दाढेला नुसता स्पर्श केला आणि दादा खुर्चीतून वीतभर उडाला. तिसरं दिलं. आणि मग त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. मला दिसत होती, सदऱ्याच्या बटणापाशी. कपाळावर घाम, हात गार. डॉक्टरने हत्यार खाली ठेवलं, बोटाला नाडी मोजणाऱ्या यंत्राचा चिमटा लावला, आणि त्या आकड्याकडे बघता बघता तिचाच रंग उतरला.

“अंकल, सुबह कुछ लिए क्या?”

“उपमा,” दादा म्हणाला.

त्या दिवशी सकाळी गच्चीवर त्याने उपम्याआधी आणखी काय घेतलं होतं ते पुढे कळलं. सुईची भीती जावी म्हणून. भीती गेली, आणि भूलही गेली.

खूप वेळ त्याला तसंच पडू दिलं, मग छाती शांत झाल्यावर कशीबशी दाढ निघाली. बाहेर सगळ्यांना बोलावून तिने नीट समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच मलम, तीच पट्टी. ती निघाली तर आतलं हाड उघडं पडतं. म्हणून थुंकायचं नाही, नळीने प्यायचं नाही. “खींचना नक्को, फूँकना नक्को. वो बाजा भी बंद.” ही जखम भरली की हिरड्या उघडून आतून साफ करायच्या, पुढचे चार दात बारीक तारेने एकमेकांना बांधायचे. नशीब असलं तर पुष्कळ वर्षं उभे राहतील. ‘नशीब असलं तर’ हे ती हळू म्हणाली, म्हणून फक्त मी ऐकलं.

दादाने घरी आल्याआल्या क्लॅरिनेट वहिनीच्या हवाली केलं. तिने ते कपाटावर चढवलं. आणि मग त्याने जे पथ्य पाळलं, ते बघण्यासारखं होतं. गरम चहावर फुंकर मारायचा नाही. वहिनीने बशीत ओतून पदराने वारा घालायचा. पाणी चमच्याने. घरात कुणी शिट्टी वाजवली तरी तो अस्वस्थ व्हायचा.

आणि आला श्रावणातला सोमवार.

वाजवायचं नाही, पण टाळ धरायला काय हरकत आहे, म्हणून तो देवळात गेला. आरती झाली. छपराखाली गोल बसला. प्रसाद नाकारायचा नसतो, त्यातून श्रावण. आणि डॉक्टर ज्याला ‘खींचना’ म्हणाली ते हे नव्हेच, कारण हे ओठाला लागत नाही. दोन्ही मुठींतून चिलमीचा धूर ओढायचा म्हणजे गाल आत जाऊन एकमेकांना भेटावे लागतात. त्या ओढीने त्याच्या दाढेच्या खड्ड्यातली गुठळी निघाली आणि साबुदाण्याच्या खिचडीबरोबर पोटात गेली.

दोन दिवसांनी दुखणं सुरू झालं. दाढ गेलेली, तरी दाढ दुखते. जबड्यातून कानात, कानातून कपाळात, कपाळातून डोळ्याच्या मागे. त्याला बसवेना, निजवेना. घरात एक वास सुटला. वहिनीला वाटलं कपाटामागे उंदीर मेला. तिने आणि मी मिळून ते कपाट ओढलं, मागे झाडलं, फिनेल टाकलं. उंदीर काही सापडेना. मग दादा काहीतरी सांगायला जवळ आला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मावशींनी लवंगेचं तेल पाठवलं. त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो गच्चीवरच्याचा. दोन दम घेतले की दुखणं लांब कुठेतरी जाऊन बसायचं. दम उतरला की दुपटीने परत यायचं. मग पुन्हा गच्ची. जखम उघडी ठेवणाराच तिचं औषधही देत होता. असा वैद्य एकदा लागला की सोडवत नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरने तोंडात बघितलं, सरळ उभी राहिली आणि वहिनीला म्हणाली की आंटी, जरा बाहेर बसा. मग दार लावून घेतलं.

“अंकल, आंटी बाहर हैं. अब बोलो. गांजा?”

दादाने माझ्याकडे बघितलं. धाकट्या बहिणीसमोर असलं कबूल करता येत नाही. मग मी आमच्याकडे करतात तेच केलं. त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरचं चित्र वाचू लागले. पाठ केली की बहीण खोलीत नसते. चित्रात एक निरोगी दात हसत होता.

माझ्या पाठीमागे दादा म्हणाला, “परसाद है अम्मा. सोमवार का.”

“सिर्फ सोमवार?”

खुर्ची करकरली.

“पहले सोमवार था. अब रोज है.”

‘रोज’ हे मलाही माहीत नव्हतं. मी त्या हसऱ्या दाताकडे बघतच राहिले.

ती पोरगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एकेक गोष्ट शाळेत शिकवतात तशी सांगितली. थुंकी दातांना राखते. धुराने थुंकी आटते, म्हणून मुळाशी कीड. हिरड्या आतून सुजतात आणि दाताचं हाड हळूहळू विरघळतं, वरून दिसत नाही. भूल धरत नाही, धरली तरी जास्त लागते. त्या इंजेक्शनात छाती पळवणारं औषध असतं, आणि गांजाही छाती पळवतो. दोघं एकदम पळाले तर कुठे थांबतील सांगता येत नाही. “उस दिन मैं बहुत डर गई थी अंकल. आप बोले, उपमा.”

दादाने तरीही आपलं शास्त्र मांडून बघितलं. ओठाला लागत नाही, अम्मा. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग काय केलं, तर हातमोजे काढले, दोन्ही मुठी एकात एक धरल्या, अंगठ्यापाशी तोंड लावलं आणि असा काही जोराचा दम ओढला की त्या कोवळ्या चेहऱ्याचे गाल खोल आत गेले. मला पाठ करून राहणं जमलं नाही.

“ये खींचना नहीं तो क्या है?” ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न माझ्या भावाला कुणी विचारलाच नव्हता.

हिरड्यांचं ऑपरेशन करते, म्हणाली. पण आधीही बंद, नंतरही बंद. सवय सोडायची तर ती वस्तू घरात ठेवायचीच नाही. नाहीतर पुढचे चारही जातील, आणि तिथे नवे बसवायला हाडही उरणार नाही.

तर दादाने सोडलं. खरंच सोडलं, हे मी देवळाच्या पायरीवर उभी राहून सांगेन. पुढच्या सोमवारी तो छपराखाली बसला आणि चिलीम आली तेव्हा हात जोडून नको म्हणाला. मंडळींनी ती त्याच्या समोरून पुढे दिली. कुणी टोकलं नाही, कुणी आग्रह केला नाही. सगळे फक्त खाली बघू लागले. त्या दिवशी आपल्याला पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं, असं तो नंतर म्हणाला. तरी काही सोमवार त्याने तसेच काढले.

घरी मात्र कठीण झालं. झोप जायची. अंगाला घाम. ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. आयुष्यात ज्याने आवाज चढवला नाही, तो आमटीत मीठ कमी म्हणून वाटी सरकवू लागला. आणि वहिनीची अवस्था तर विचारूच नका. दादा काय सोडतोय हे तिला पुरतं माहीत होतं. पण जी गोष्ट ह्या घरात कधी नव्हतीच, ती सोडल्याबद्दल शाबासकी देणार कशी? चिडचिड का होते हे विचारणार कसं? ती नुसती आमटीत मीठ वाढवत राहिली. तेव्हा तिने एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवून तो शब्द उच्चारला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही. बहुधा काहीच झालं नसतं.

हिरड्यांच्या ऑपरेशनचा दिवस आला. ह्या वेळी एकच ऑटो. डॉक्टरने बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि विचारलं, “अंकल, आज?”

पहिल्या वेळी खोटं सांगितलं होतं. ह्या वेळी दादाने खरं सांगितलं.

“थोड़ा. सुई का डर लगा.”

तिने हातमोजे काढून टोपलीत टाकले. आज नाही, म्हणाली. पुढचा दिवस दिला. त्या दिवशीही आकडा तसाच, उत्तरही तसंच. तिसऱ्या वेळी दादाच गेला नाही. जखम भरली आहे, दात काही फारसे हलत नाहीत, गणपती होऊ दे मग बघू, असं म्हणाला आणि कपाटावरून क्लॅरिनेट खाली काढलं.

पहिला दात शिऱ्यात गेला. गणपतीचा शिरा, तुपाने निथळणारा, दात नसलेल्यांनी खावा इतका मऊ. सुपारी फोडताना, ऊस सोलताना गेला असता तर काही मान राहिला असता. दादाने तो बोटांनी बाजूला काढला, धुऊन रुमालात बांधला आणि उरलेला शिरा संपवला.

दुसरा गेला तो सगळ्यांसमोर, आणि कुणालाही कळला नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशीच्या आरतीला दादा वाजवत होता. वरच्या सुरावर गेला आणि सूर मध्येच फाटला. मंडळींना वाटलं टोकाला बसवलेली वेताची पट्टी चिरली. मी कडेला उभी होते, म्हणून मला दिसलं. त्याने टोक तोंडातून काढलं, ओठ मिटून काहीतरी गालात घेतलं, आणि पुन्हा टोक ओठांत धरून बोटं चालवत राहिला. नुसती बोटं. आवाज नव्हताच. ढोल आणि झांजा एवढ्या जोरात चालल्या होत्या की आरती संपेपर्यंत क्लॅरिनेट थांबलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आरती झाल्यावर दोघातिघांनी येऊन वाजवणं छान झालं म्हणून सांगितलंही. दादा मान हलवत होता, तोंड मिटून.

उरलेले दोन नुसते लोंबत होते. ते डॉक्टरने काढले. त्या दिवशी भूल पहिल्याच सुईला धरली, कारण वहिनीने त्याला सकाळपासून डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं; गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली कमरेला. मी डॉक्टरला स्क्रू घालून बसवतात त्या पक्क्या दातांबद्दल विचारलं. तिने एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि जिथे हाड असायला हवं तिथे बोट फिरवलं. तिथे काळं होतं. दुसरीकडून हाड आणून भरता येतं, म्हणाली, पण त्याला वर्षभर एक दमही चालणार नाही. मग आम्ही दोघींनी दादाकडे बघितलं. तो तोंडातला कापूस चावत शांतपणे खिडकीबाहेर बघत होता. तिने कवळीचं माप घेतलं.

कवळी छान झाली. दादा त्या कवळीत तरुणपणी होता त्याहून देखणा दिसतो. भात-आमटी खाता येते, फोटो काढता येतो. क्लॅरिनेट मात्र टेकवलं की कवळी मागून उचलते. त्याने वेगवेगळं करून बघितलं. चिकट पावडर लावून. कवळी काढून, दोन्ही ओठ आत दुमडून, हिरड्यांनी धरून. असं जुने वादक करतात म्हणे. एका दुपारी मी गेले तेव्हा आतून एकच सूर येत होता, जाडसर, तळाचा. थोडा वेळ टिकायचा, मग घसरून हवा व्हायचा. पुन्हा सुरू, पुन्हा हवा. वहिनी स्वयंपाकघरात बसून गवार निवडत होती. तिने मान वर केली नाही. मीही तिच्याजवळ बसून गवार निवडू लागले. काही वेळाने आतला आवाज बंद झाला, आणि आम्ही दोघी निवडत राहिलो. निवडून झालेली गवारही पुन्हा निवडली.

मंडळात आता बँकेतले एक गृहस्थ कीबोर्ड वाजवतात. त्यात क्लॅरिनेटचाही आवाज आहे म्हणे, एक बटण दाबलं की येतो. दादा दर सोमवारी जातो, टाळ धरतो, मागे छपराखाली बसतो. त्याला पुन्हा पंगतीत घेतलं आहे.

मध्यंतरी मी त्याच्याकडे गेले होते. वहिनी बाजारात गेली होती. आम्ही दोघंच ओसरीवर. मी विचार केला की हे विचारायला आता पाठ फिरवायची काय गरज आहे, आणि सरळ त्याच्याकडे बघून विचारलं, “दादा, अजून घेतोस?”

तो दचकला नाही. उलट खुलला. कवळी काढून खिशात टाकली.

“घेतो ना. आणि बाई, काय सांगू तुला, आता दम काय लागतो! दात आड येत नाहीत. पूर्वी एवढा कधी लागला नव्हता.” आणि त्याने दोन्ही मुठी एकात एक धरून मला करून दाखवलं. गाल असे काही आत गेले की चेहऱ्याच्या हाडांची जागा दिसली.

मी हसले. त्याची नक्कलच तशी होती. तोही हसला. मग तो आत गेला आणि क्लॅरिनेटची पेटी घेऊन आला.

“ही तुझ्याकडे ठेव,” तो म्हणाला.

मी म्हटलं, असू दे की इथेच, खायला का मागते.

“नको. समोर असली की तोंडाला लावावीशी वाटते. सकाळी उठलं की पहिला हात तिकडे जातो. सवय सोडायची म्हणजे वस्तू घरात ठेवायची नाही. डॉक्टरच म्हणाली होती.”

डॉक्टर तसं म्हणाली होती हे खरं. मी पेटी घेतली. तो फाटकापर्यंत आला, त्याने ऑटो थांबवला, पेटी माझ्या मांडीवर नीट आडवी ठेवली आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगितलं.